फायरवॉलवरची पिवळी खूण

ग्लासगोत दसरा आला हे कळतं ते व्हॉट्सअ‍ॅपवर आपट्याच्या पानांचे फोटो पडायला लागले की. बाहेर त्याची चाहूल नसते. झाडं तांबडी-पिवळी होऊन पानं गाळत असतात, पण ती ओली होऊन फुटपाथला चिकटतात आणि त्यांच्यावरून पाय तेवढा घसरतो. सकाळी दिवे लावून पोरांचे डबे भरायचे आणि पावसाळी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून बाहेर पडायचं. थोड्याच दिवसांत घड्याळं तासभर मागे जातील, मग संध्याकाळ थेट दुपारच्या चहालाच येऊन बसेल. हा सगळा काळ मला आधीच आवडत नव्हता. गेल्या वर्षीपासून तर तो येऊच नये असं वाटतं.

"अरे, गाडी तरी धू. दसरा आहे," मीनल म्हणाली. मी "बघू" म्हटलं आणि नाही धुतली. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यामुळे तिने परत विचारलं नाही. आमची हॅचबॅक चिखलाने माखलेली ड्राइव्हवेवर उभी आहे आणि मी आत टेबलाशी बसून दुसऱ्याच एका गाडीचा अहवाल लिहितोय. डॉक्टरकाकांच्या गाडीचा. काका मार्चमध्ये गेले. त्यांची मुलगी मित्रा एडिनबरात एका हॉस्पिटलमध्ये नोकरीला आहे. तिने गाडी विकायला काढलीय. कार्डिफचा एक गृहस्थ घ्यायला तयार आहे, पण त्याला आधी कागद हवाय: गाडीत कारखान्यातून आलेलं मूळचं काय आणि नंतर बसवलेलं काय. तो कागद लिहू शकेल असा माणूस मीच, कारण त्या गाडीच्या पोटात एक अख्खा हिवाळा मीच डोकं घालून बसलो होतो.

आता पुण्याचा एक माणूस, ग्लासगोतल्या बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारा, अमेरिकेतल्या साठच्या दशकातल्या गाडीच्या वाटेला का जाईल? नसते उद्योग, दुसरं काय. डॉक्टरकाका आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. मूळ नागपूरचे, चाळीस वर्षं रेडिओलॉजिस्ट, रिटायर होऊनही बराच काळ लोटलेला. काकू गेल्यावर एकटेच. एकदा त्यांच्याकडे चहाला गेलो तेव्हा त्यांनी गॅरेजचं दार वर केलं आणि आत ती उभी होती. लांबलचक नाक, रुंद खांदे, डावीकडे स्टिअरिंग, रंग भडक लाल. अमेरिकेत तरुण पोरांना वेडं करायला बनवलेल्या असल्या गाड्यांना मसल कार म्हणतात. आमच्या गल्लीतल्या वळणावर ती वळवायची म्हणजे दोनदा मागे-पुढे करावी लागे.

"ही मूळची किती आहे ते मला शोधून देशील?" काकांनी विचारलं. "तू टेस्टर आहेस म्हणे."

मी हो म्हणालो. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची हौस आहे. कशासाठी शोधायचं, हे मी विचारलंच नाही.

त्या गाड्यांची एक वेगळीच पोथी असते. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात एक पट्टी, तिच्यावर गाडीचा नंबर. त्यातलं एक अक्षर सांगतं की गाडी कुठल्या कारखान्यात जोडली. इंजिन आणि माणसं यांच्यामध्ये जो उभा पत्रा असतो त्याला फायरवॉल म्हणतात. त्यावर एक छोटी पाटी, तिच्यात कुठल्या महिन्याच्या कुठल्या आठवड्यात गाडी तयार झाली ते, आणि मूळ रंगाचा आकडा. आमची लाल गाडी जन्माला आली तेव्हा गडद हिरवी होती. मग इंजिनाच्या ओतीव लोखंडातच उमटलेली तारीख. इंजिन गाडीच्या आधी ओतलेलं असायला हवं. नंतरचं निघालं तर समजायचं, कुणीतरी बदललंय. ही तारीख नेमकी अशा ठिकाणी असते की तिथे डोकं जात नाही. मी गॅरेजच्या थंडगार फरशीवर उताणा पडून, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात दांडीचा आरसा धरून ती उलटी अक्षरं वाचायचो. काका घडीच्या खुर्चीत, मांडीवर ब्लँकेट, थर्मासमधून चहा ओतत बसलेले.

"काका, जुळली! इंजिन गाडीच्या अकरा दिवस आधी ओतलंय."

"दिसलं की वाटलं?"

"दिसलं."

"मग लिही."

हा त्यांचा खाक्या होता. जन्मभर एक्स-रे वाचलेले. दिसतं ते सांग, वाटतं ते तुझ्याजवळ ठेव. माझ्यातला टेस्टर खूश व्हायचा. अर्धा पगार आम्हाला याच वाक्याचा मिळतो.

सगळ्यात मोठा आनंद मागच्या सीटखाली सापडला. गाडी बनताना तिच्यात काय काय बसवायचं याची यादी एका कागदावर छापून ती लाइनवर फिरवायचे. काम झालं की कामगार तो कागद कचरा म्हणून सीटच्या स्प्रिंगांत कोंबून द्यायचे. त्या कचऱ्यासाठी आज लोक गाड्या उसवतात. आमच्या कागदाचा एक तृतीयांश भाग उंदरांनी खाल्ला होता, पण उरलेला वाचता येत होता. मी तो दोन काचांमध्ये ठेवून काकांच्या मांडीवर दिला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि ओळीमागून ओळ वाचत गेले.

"नोव्हेंबर. दुसरा आठवडा," ते म्हणाले. "पाळी कळते का रे याच्यावरून? सकाळची की दुसरी?"

"नाही बहुतेक. पण ते कशाला हवंय?"

"असंच."

तेव्हा तरी मला शंका यायला हवी होती. गाडी विकणाऱ्याला रंग महत्त्वाचा, इंजिन महत्त्वाचं. पाळी कुणाला हवी असते? पण मी माझ्याच हुशारीवर इतका खूश होतो की समोरच्या माणसाकडे पाहायला सवड नव्हती.

मग गेल्या वर्षीचा दसरा आला. काकांच्या छातीत पाणी झालं म्हणून त्यांना चार दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. गॅरेजची किल्ली माझ्याकडे. माझ्या मनात आलं, दसऱ्याला गाडी लख्ख करू, हार घालू, म्हातारा घरी येईल तेव्हा खूश होईल. आमच्या घरी खंडेनवमीला वडील स्कूटरच्या चाकाच्या तारासुद्धा एकेक करून पुसून घ्यायचे, राहिली तर परत. तो हात माझ्यात उतरलाय. मी बॉनेट उघडलं, ग्रीस काढायचा फवारा मारला, ब्रश आणि जुन्या बनियनचं फडकं घेतलं आणि वरून खाली सगळं घासत गेलो. मजा यायला लागली. अर्ध्या शतकाची काळी किटणं सुटत होती आणि खालचा पत्रा दिसत होता.

फायरवॉलवर, स्टिअरिंगचा दांडा जिथून आत जातो तिथे, किटणाखालून काहीतरी पिवळं वर आलं. हाताने खरडलेलं. मेणाच्या खडूसारखं. मला ते दिसलं, हे मला पक्कं आठवतं. आणि कारखान्यात तपासनीस बोल्ट तपासला की शेजारी खडूने खूण करायचे, त्या खुणा म्हणजे गाडीच्या मूळपणाच्या साक्षीदार, त्यांना बोटही लावू नये, हे मी महिन्याभरापूर्वीच वाचलं होतं. वाचलं होतं, समजलं होतं, मीनलला कौतुकाने सांगितलंही होतं. पण हात चालू होता. डोक्यात एवढंच की हा एक डाग राहिलाय. दोनदा फडकं फिरवलं आणि पत्रा स्वच्छ झाला. फडक्याला जरासा पिवळा रंग लागला, तो मी पाहिला आणि फडकं उलटं करून पुढचा भाग पुसायला घेतला.

झेंडू मिळाले नाहीत म्हणून सुपरमार्केटातल्या शेवंतीचा हार केला. बॉनेटवर हळद-कुंकू लावलं. फोटो काढला, पुण्याला पाठवला. आईचा अंगठा आला.

काका घरी आले त्या दिवशी मी त्यांना हाताला धरून गॅरेजमध्ये नेलं. त्यांनी गाडी पाहिली आणि हसले. "अरे, तू हिला कुंकू लावलंस?"

"दसरा होता ना काका."

"आमच्याकडे दसऱ्याला कुंकू नसतं रे बाबा. आम्ही त्या दिवशी पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जातो. धम्मचक्र प्रवर्तन दिन."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर मी त्यांच्या बैठकीत बसून चहा प्यायलो होतो. समोर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धाची छोटी मूर्ती. माझ्या नजरेसमोर होतं सगळं. मी पुसायला रुमाल काढला तर म्हणाले, "राहू दे, तिला काही होत नाही." मग त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं. आत वाकून बराच वेळ पाहत राहिले. "फार स्वच्छ केलंस," म्हणाले. मी ते कौतुक समजलो.

घड्याळं मागे गेली त्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. साडेचार वाजले होते आणि खिडकीबाहेर दिवस संपत आला होता. टेबलावर एक निळं हवाई पत्र, घड्यांच्या जागी चिकटपट्टी लावलेलं. "आता तुझं बाकी काम झालंय," ते म्हणाले. "म्हणून दाखवतो. आधी दाखवलं असतं तर तुला जे हवं तेच दिसलं असतं."

पत्र त्यांच्या थोरल्या भावाचं होतं. सुधाकरदादा. स्कॉलरशिपवर अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकायला गेलेला, घराण्यातला पहिला. मध्येच पैशांची ओढाताण झाली म्हणून एक सत्र सोडून तो मोटारीच्या कारखान्यात लागला, दुसऱ्या पाळीला. त्याच हिवाळ्यात बर्फावरून बस घसरली आणि तो तिथेच गेला. नागपूरला एक पेटी आली, तिच्यात कपडे आणि पुस्तकं. काका तेव्हा मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होते.

काकांनी पत्र वाचून दाखवलं. त्यांना ते पाठच होतं, तरी बोट ओळीवरून फिरत होतं. "माझं काम सोपं आहे. गाडी पुढ्यात येते, स्टिअरिंगच्या दांड्याचे बोल्ट तपासायचे आणि पत्र्यावर पिवळ्या खडूने खूण करायची. बाकीचे बरोबरची खूण करतात. मी एक छोटं चक्र काढतो, आठ आऱ्यांचं. फोरमनला वाटतं मी गाडीचं चाक काढतो. आईला सांग, रोज शंभर गाड्या आपलं चक्र घेऊन बाहेर पडतात." पत्राच्या कोपऱ्यात ते चक्र काढलेलं होतं. गोल, आत आठ रेघा. तारीख नोव्हेंबरची, आणि कारखाना तोच.

"हीच गाडी त्याच्या हाताखालून गेली असेल असं म्हणत नाही मी," काका म्हणाले. "पण त्या कारखान्याची, त्या महिन्याची गाडी इकडे विकायला आली तेव्हा मला राहवलं नाही. कित्येक वर्षं झाली. तिथे किटण होतं म्हणून मी कधी हात लावला नाही. मला वाटायचं, नसली तर? आता वाटतं, बघून घ्यावं. परवा तू साफ केलंस, मी बघितलं, मला काही दिसलं नाही. पण माझी नजर आता तशी राहिली नाही. तुला दिसलं होतं का रे काही?"

मी म्हणालो, "बघून सांगतो."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. बघायला काय उरलं होतं? घरी आलो आणि आधी कचऱ्याचा डबा उपसला. फडकं कौन्सिलच्या गाडीतून केव्हाच गेलं होतं. फोनमध्ये त्या गाडीचे तीनशेच्या वर फोटो होते: पाट्यांचे, आकड्यांचे, उंदरांनी खाल्लेल्या कागदाचे. फायरवॉलचा एकच, दसऱ्याच्या आधीचा, काळ्या किटणाचा. जांभळ्या दिव्याखाली खडूचा अंश चमकतो असं कुठेतरी वाचलं, तो दिवा मागवला. काका दुपारी झोपले की मी गॅरेजमध्ये अंधार करून पत्र्याला नाक लावून बसायचो. पत्रा स्वच्छ होता. माझं काम मी नेहमीच चोख करतो.

मग डोळे मिटून आठवायला लागलो. गोल होतं का? मधोमध रेघा होत्या का? की नुसती बरोबरची खूण, तिरकी, घाईतली? दिसायला हे दोन आकार किती वेगळे. लहान पोरसुद्धा सांगेल. आणि मी, ज्याची सगळी ऐट नजरेवर, त्याला पिवळा रंग सोडून काही आठवत नव्हतं. जगात तो आकार शेवटचा पाहिलेला माणूस मी होतो आणि मी तो पाहिलाच नव्हता. असा राग मला दुसऱ्या कुणाचा कधी आला नाही.

या गाड्यांच्या इंटरनेटवरच्या गटात मी विचारलं. ओहायोमधल्या एका म्हाताऱ्याने उत्तर दिलं. तो स्वतः लाइनवर काम केलेला. म्हणाला, पिवळा खडू निम्म्या माणसांच्या खिशात असायचा, त्यावरून काही म्हणजे काही कळत नाही.

दीड महिना मी काकांना टाळलं. ऑफिसचं काम, पोरांची परीक्षा, सर्दी. मीनल म्हणाली, "जाऊन सांगून टाक. नाहीतर म्हण, चक्र होतं. त्या बिचाऱ्याला तेवढंच समाधान. कुणाचं काय जातंय?" दोन्ही सल्ले एका दमात दिले तिने. डिसेंबरात एका दुपारी गेलो. काका गॅरेजमध्येच होते, खुर्चीत. बॉनेट उघडं होतं. चेहरा फार उतरला होता.

"काका, खूण होती. दसऱ्याला साफ करताना मी पुसली."

ते उठले, माझ्या खांद्याचा आधार घेऊन गाडीपाशी आले. "कुठे?"

मी दाखवलं. त्यांनी तिथे बोट ठेवलं. "इथे?"

"हो."

"पिवळी?"

"हो."

"आकार?"

ते चक्र मला पत्रात दाखवलेलं होतं. आठ आरे, सगळं माहीत होतं. एक शब्द पुरला असता.

"मी बघितलं नाही, काका. डाग समजून पुसलं."

त्यांचं बोट तिथेच होतं. ते माझ्याकडे वळले नाहीत. "पंचावन्न वर्षं राहिली रे ती," म्हणाले. "मिशिगनचा बर्फ, समुद्र, इथला पाऊस, सगळ्यातून राहिली." त्यांचा आवाज चढला नाही, हेच सोसवेना. मग म्हणाले, "तू आता जा, समीर."

त्यानंतर मी तीन-चारदा गेलो. ते हवेबद्दल बोलले, गोळ्यांबद्दल बोलले. गाडीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. ओहायोच्या म्हाताऱ्याचं उत्तर मी त्यांना सांगितलं नाही. ती दया होती की भित्रेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मार्चमध्ये ते गेले.

आज मित्रा अहवाल न्यायला एडिनबराहून आली. तिचं मराठी बाबांशी बोलून शिकलेलं, तेवढंच. कॉफी हातात घेऊन म्हणाली, "बाबा एंडला खूप शांत होता, यू नो. तो मला सांगितला, मोठेबाबाचा चक्र होता कारवर. समीरने ओन आइजने बघितला, असं म्हणाला. ते तू लिही ना रिपोर्टमध्ये. मोठेबाबाचा नाव पण. कार्डिफवाला माणूस जपून ठेवेल मग."

मोठेबाबा म्हणजे सुधाकरदादा, तिचे थोरले काका. दिसलं की वाटलं, असं जन्मभर विचारणारा माणूस. त्यांनी स्वतःशी कधी आणि कसं ठरवलं असेल हे? की मुलीला काहीतरी द्यावं म्हणून म्हणाले असतील? विचारायला आता कुणी नाही. मी "बघतो" म्हटलं आणि तिला कॉफी संपवायला सांगून इथे टेबलाशी येऊन बसलो.

कारखान्याचं अक्षर, आठवडा, ओतीव तारीख, मूळ रंग हिरवा, सीटखालचा कागद, दोन तृतीयांश शिल्लक. हे सगळं लिहून झालं होतंच. शेवटचा रकाना तपासनिसांच्या खुणांचा. मी तिथे मोठेबाबांचं नाव लिहून पाहिलं. सुंदर दिसत होतं. दहा मिनिटं ते तसंच पडद्यावर ठेवलं. मग खोडलं आणि लिहिलं: स्टिअरिंगच्या दांड्यापाशी पिवळ्या खडूची एक खूण होती, आकार नोंदवलेला नाही, आता शिल्लक नाही.

छापून तिच्या हातात दिलं. तिने वरून खाली वाचलं, शेवटच्या रकान्याशी थांबली, परत वाचलं.

"मोठेबाबाचा नाव कुठे आहे?"

"मी पुसलं," मी म्हणालो.